शेवटचे पाच टक्के पाणी

शेतकी विभागाकडून



गटवार मेळाव्यांत आम्ही बोलायला उभे राहतो ते लागण, बेणे, खत आणि तोडणी यांवर. पण अलीकडे प्रश्न येतात ते निराळेच. "साहेब, आसवनीत स्पिरिट तर पूर्वीपासून निघतंय, मग पेट्रोलसाठी आणखी एक यंत्र कशाला बसवायचं?" दुसरे कोणी म्हणते, "तोडणीआधी एक पाणी दिलं तर कारखान्याचं काय बिघडतं? शेवटी वाफच करून टाकता ना?" तिसऱ्याची तक्रार अशी की, फवारणी पंपासाठी पावसाळ्याआधी कॅनमध्ये भरून ठेवलेले पेट्रोल श्रावणात काढले तर पंप सुरूच होईना.

हे तीन प्रश्न तीन दिशांचे वाटतात. पण मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. आम्ही शेतकी खात्याची माणसे, यंत्रे हा आमचा विषय नव्हे. तरी आसवनीतील केमिस्ट मंडळींजवळ बसून हा विषय समजावून घेतला आहे. तो जसा समजला तसा आपल्या भाषेत मांडतो. थोडा हिशेब येईल, पण तो बांधावर बसून करता येण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न यंत्राचा. मळी किंवा रस पाण्यात कालवून, यीस्ट घालून आंबवला म्हणजे जो वॉश तयार होतो, त्यात अल्कोहोल शेकडा दहाच्या आसपास असते, बाकी बहुतेक पाणी. हा वॉश उंच स्तंभात तापवतात. निव्वळ अल्कोहोल ७८.४ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी १०० अंशाला. म्हणून वर चढणाऱ्या वाफेत अल्कोहोल अधिक आणि खाली उतरणाऱ्या द्रवात पाणी अधिक, अशी फाळणी स्तंभाच्या एकेका ताटलीवर होत जाते. वरच्या टोकाला साधारण ९५ टक्के अल्कोहोलचे रेक्टिफाइड स्पिरिट मिळते. इथवर सर्वांना माहीत आहे.

आता कोणी म्हणेल, आणखी चार ताटल्या वाढवा, आणखी थोडी वाफ द्या, म्हणजे ९९ टक्के मिळेल. इथेच निसर्ग आडवा येतो. वजनाने ९५.६ टक्के अल्कोहोल आणि ४.४ टक्के पाणी असे मिश्रण झाले की ते ७८.२ अंशाला, म्हणजे निव्वळ अल्कोहोलपेक्षाही किंचित कमी उष्णतेला, उकळते. आणि त्याची वाफ व द्रव या दोहोंतले प्रमाण अगदी सारखे असते. जे खाली तेच वर. मग स्तंभ शंभर फुटांचा करा की दोनशे फुटांचा, साध्या उकळण्याने पाण्याचा तो शेवटचा वाटा निघत नाही. रसायनशास्त्रात अशा मिश्रणाला अझिओट्रोप म्हणतात. शिवाय या बिंदूच्या जवळ जाऊ लागले की प्रत्येक अर्ध्या टक्क्यासाठी वाफेचा खर्च भराभर वाढतो, म्हणून आसवन्या ९५-९६ च्या आसपासच थांबतात.

औषधांना, रसायनांना, सॅनिटायझरला एवढे शुद्ध स्पिरिट पुष्कळ झाले. पेट्रोलला मात्र चालत नाही. का चालत नाही ते आकड्यांत पाहू.

पेट्रोल आणि पाण्याचे वैर आहे. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळतच नाही. अल्कोहोल हा दोघांचा मित्र. तो मध्ये असला म्हणजे थोडे पाणी पेट्रोलमध्ये धरून ठेवतो. पण त्याला मर्यादा आहे. दहा टक्के अल्कोहोलचे पेट्रोल सुमारे १५ अंश उष्णतेला शेकडा अर्धा टक्का पाणी धरू शकते. म्हणजे एका लिटरला पाच मिलिलिटर, चहाचा एक चमचा. आता समजा, आपण ९५ टक्क्यांचे स्पिरिट घातले. एका लिटरमध्ये १०० मिलिलिटर स्पिरिट, त्यातले पाच टक्के पाणी, म्हणजे बरोबर पाच मिलिलिटर. मिश्रण तयार होतानाच काठावर येऊन बसले! पुढे टाकीत जरा दमट हवा शिरली किंवा रात्री गारठा पडला की संपले. अल्कोहोल पेट्रोलची साथ सोडून पाण्याच्या गटात जातो आणि दोघे मिळून टाकीच्या तळाशी बसतात. इंधन ओढणारी नळी तळातूनच ओढते, तेव्हा इंजिनाला पहिला घोट मिळतो तो या पाणीदार थराचा. गाडी बंद. वर जे पेट्रोल उरते त्यातून अल्कोहोल निघून गेलेले, म्हणून त्याची प्रतही उतरलेली.

आता तेच १०० मिलिलिटर ९९.५ टक्के शुद्धतेचे घाला. पाणी आले अर्धा मिलिलिटर. चमच्याचा दहावा हिस्सा. बाकी नऊ हिस्से जागा वाहतुकीतल्या आणि पावसाळ्यातल्या दमटपणासाठी मोकळी राहिली. म्हणूनच पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलसाठी भारतीय मानकाने किमान ९९.५ टक्क्यांची अट घातली आहे. वीस टक्क्यांच्या मिश्रणाची पाणी धरण्याची ताकद थोडी जास्त असते, पण ओले स्पिरिट घातले तर येणारे पाणीही दुप्पट होते, हे विसरू नये.

येथे एक शंका आम्हाला वाचणाऱ्या एका सभासदाने विचारली होती, तीही रास्त आहे: ब्राझीलमध्ये तर ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलवर मोटारी चालतात म्हणे. चालतात, खरे आहे. १९७५ साली त्या देशाने अल्कोहोल इंधनाची मोठी योजना सुरू केली. पण तिथे ओले अल्कोहोल पेट्रोलमध्ये न मिसळता स्वतंत्र इंधन म्हणून, त्यासाठी बनवलेल्या इंजिनांत वापरतात. पेट्रोल नसेल तर थर फाटण्याचा प्रश्नच नाही. जिथे पेट्रोलमध्ये मिसळायचे तिथे ब्राझीलसुद्धा कोरडेच अल्कोहोल घेतो.

मग हे शेवटचे पाणी काढायचे कसे? १९०२ साली सिडनी यंग नावाच्या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने युक्ती काढली की, स्पिरिटमध्ये बेंझिन घालून पुन्हा उकळावे. बेंझिन पाण्याला आपल्याबरोबर घेऊन वर निघून जाते, खाली कोरडे अल्कोहोल उरते. युक्ती उत्तम, पण बेंझिन हे कर्करोग करणारे द्रव्य. पुढे त्याच्या जागी सायक्लोहेक्झेन आले, तरी ज्वालाग्राही परके द्रव्य सांभाळा, त्यासाठी जादा स्तंभ उभा करा, जादा वाफ जाळा, हे राहिलेच.

आज आसवन्यांतून जे यंत्र बसते ते मॉलेक्युलर सिव्हचे, म्हणजे रेणूंच्या चाळणीचे. आणि ही चाळणी मूळची अल्कोहोलवाल्यांसाठी बनलेलीच नाही. तिची मोठी गिऱ्हाइके तेल आणि वायूच्या उद्योगातली. त्यांचा प्रश्न आपल्यासारखाच आहे, किंबहुना जास्त घोर आहे, म्हणून थोडे तिकडे वळून येऊ. फार लांब जायला नको, आपल्याच किनाऱ्यासमोर चला.

मुंबईपासून समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र १९७४ साली सापडले आणि १९७६ पासून तिथून तेल निघू लागले. तेलाबरोबर नैसर्गिक वायू येतो. तो नळाने उरणला येतो, आणि याच वायूवर अलिबागजवळच्या थळ येथील खत कारखान्यात युरिया तयार होतो. आपण उसाला टाकतो त्या युरियाचे मूळ समुद्राखालच्या वायूत आहे, ही गोष्ट पुष्कळ सभासदांना नवी वाटेल.

हा वायू जमिनीखालून येतो तो ओला. त्यात पाण्याची वाफ भरलेली असते. ती तशीच नळात सोडली तर दोन संकटे. एक, वायूत कार्बन डायऑक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड असेल तर पाण्याशी मिळून त्याचे आम्ल होते आणि पोलादी नळ आतून खाल्ला जातो. दुसरे संकट अधिक चमत्कारिक. दाब मोठा असला आणि थंडावा मिळाला की पाणी व मिथेन वायू मिळून बर्फासारखा घट्ट गोळा तयार होतो. गंमत अशी की शून्य अंशाच्या वरही हा बर्फ होतो. हवेच्या दाबाच्या सत्तरपट दाब असला तर दहा अंशालासुद्धा. वायू एखाद्या व्हॉल्व्हमधून कमी दाबाकडे निसटला की आपोआप गार पडतो, आणि नेमका तिथेच गोळा अडकतो. थंडीत वायूचे नळ तुंबतात ते साध्या बर्फाने नव्हे, या हायड्रेट नावाच्या गोळ्याने, हे १९३४ साली हॅमरश्मिट या अमेरिकी तंत्रज्ञाने दाखवून दिले. असा गोळा अचानक सुटला तर मागच्या दाबाने बंदुकीच्या गोळीसारखा धावतो आणि नळाचे वळण फोडतो. म्हणून अडकलेला गोळा दोन्ही बाजूंचा दाब हळूहळू उतरवूनच सोडवावा लागतो, घाई करणाऱ्याचा जीव जातो.

यावर उपाय म्हणजे वायू नळात सोडण्याआधीच कोरडा करणे. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते, कारण मीठ हवेतला ओलावा ओढते. ग्लायकॉल हा तसाच ओलावा ओढणारा दाट द्रव आहे. स्तंभात वायू खालून वर आणि ग्लायकॉल वरून खाली, मध्ये आपल्या आसवनीतल्यासारख्याच ताटल्या. वायू कोरडा होऊन बाहेर पडतो. ओले झालेले ग्लायकॉल सुमारे २०० अंशापर्यंत तापवून त्यातले पाणी उडवतात आणि तेच पुन्हा फिरवतात. त्याहून फार तापवले तर ग्लायकॉलच जळून बिघडते. म्हणजे पाणी काढायचे तर उष्णता आलीच, आणि उष्णतेचा खर्चही आला. समुद्रात असो की आपल्या कारखान्यात, पाणी फुकट निघत नाही.

वायू अतिथंड करायचा असेल, जसे द्रवरूप नैसर्गिक वायू करताना उणे १६२ अंशापर्यंत नेतात, तिथे ग्लायकॉलचा कोरडेपणा पुरत नाही. पाण्याचा अंशही राहिला तर यंत्रातल्या बारीक वाटा गोठतात. तिथे ती चाळणी लागते. १९४९ मध्ये अमेरिकेत युनियन कार्बाइड कंपनीतील रॉबर्ट मिल्टन यांनी प्रयोगशाळेत झिओलाइट ए नावाचे सच्छिद्र खनिज तयार केले. त्याच्या दाण्यात सोडियम असतो. तो काढून त्या जागी आपल्या ओळखीचे पालाश, म्हणजे पोटॅशियम, बसवले की छिद्राचे तोंड अरुंद होऊन तीन अँगस्ट्रॉम होते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. पाण्याचा रेणू सुमारे २.८ अँगस्ट्रॉमचा, अल्कोहोलचा सुमारे ४.४ चा. कोंबड्यांच्या खुराड्याला लहान दार ठेवले तर पिले आत जातात आणि कोंबडी बाहेरच फिरते, तसे पाणी दाण्यात शिरते आणि अल्कोहोल पुढे निघून जाते. आपल्या नेहमीच्या चाळणीत बारीक ते खाली पडते; इथे बारीक ते आत अडकून राहते, एवढाच फरक.

आसवनीत या दाण्यांनी भरलेल्या दोन टाक्या असतात. एकीतून स्पिरिटची वाफ जात असते, तेव्हा दुसरीतले अडकलेले पाणी दाब उतरवून, निर्वात करून बाहेर ओढतात. काही मिनिटांनी अदलाबदल. बाहेर ओढलेल्या पाण्याबरोबर थोडे अल्कोहोलही येते, म्हणून ते पुन्हा स्तंभात पाठवतात, वाया जात नाही. या टाक्यांना एक पथ्य आहे. वाफ पूर्ण कोरडी, उकळबिंदूच्या वर चांगली तापवलेली हवी. वाफेबरोबर द्रवाचे थेंब आले तर दाणे फुटून त्यांचे पीठ होते. दाब एकदम सोडला तर दाणे उसळून एकमेकांवर घासतात, तरीही पीठच. दाणे महाग असतात आणि नीट सांभाळले तर वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून रात्रपाळीला बॉयलरचा दाब खाली-वर झाला की आसवनीतून फोन जातो, तो उगाच नव्हे.

आपल्या राज्याचा या कामात पहिल्यापासून वाटा आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे देशातले पथदर्शी प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही दोन आपली. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२ मध्ये देशाने दहा टक्के गाठले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांची पातळी गाठल्याचे केंद्र शासनाने जाहीर केले. मधे डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधने आली होती, ती पुढच्या वर्षी उठली. हे धोरण असे हलते, म्हणून सर्व हिशेब एकाच पदार्थावर बांधू नये असे आमचे मत आहे.

आता वळू तोडणीआधीच्या पाण्याकडे. खरे सांगायचे तर हा लेख आम्ही त्यासाठीच लिहायला घेतला.

कारखान्यात पाणी उडवण्याची युक्ती मोठी हुशारीची आहे. रस आटवायच्या भांड्यांची रांग असते. पहिल्या भांड्याला बॉयलरची वाफ. त्यातल्या रसाची जी वाफ निघते ती दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. पुढच्या भांड्यात दाब कमी, म्हणून रस कमी उष्णतेला उकळतो. ही पद्धत नॉर्बर्ट रिलियू या अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या इंजिनिअरने काढली. त्याला १८४३ आणि १८४६ मध्ये पेटंटे मिळाली, आणि साखर कारखान्यातून ही युक्ती पुढे रसायन उद्योगात सर्वत्र पसरली. आजच्या आसवन्यांतही एका स्तंभाच्या वाफेवर दुसरा स्तंभ तापवतात, ते याच तत्त्वावर.

चार भांड्यांच्या रांगेत एक टन वाफेत साधारण चार टन पाणी उडते. एक टन बगॅस जाळला की सव्वादोन टनांच्या आत-बाहेर वाफ मिळते. म्हणजे एक टन जादा पाणी उडवायला पाव टन वाफ, आणि त्यासाठी शंभर किलोहून अधिक बगॅस. हे झाले फक्त आटवण्याचे. ते पाणी उसातून तोडणीवाल्याने तोडले, वाहनाने ओढले, गव्हाणीवर चढले, गिरणीतून गेले, याचा खर्च निराळा. बगॅस वाचला तर त्याची वीज होते किंवा आसवनीला वाफ मिळते. तो पाण्यावर गेला तर ते उत्पन्नही गेले.

तोडणी जवळ आल्यावर पाणी दिले की कांड्यात पाणी भरते, वजन चढते, पण पक्व होत आलेला ऊस पुन्हा वाढीला लागतो आणि साखरेचे प्रमाण उतरते. ज्याने पाणी दिले त्याला वजन मिळते. उतारा मात्र सर्वांचा मिळून धरला जातो, आणि एफआरपी उताऱ्याला जोडलेली आहे. एकाचा फायदा आणि हजारोंच्या दरातून थोडी थोडी कपात, असा हा व्यवहार आहे. ज्यांनी वेळेवर पाणी तोडले त्यांच्या खिशातून ज्यांनी दिले त्यांना पैसे जातात, असे आम्ही मेळाव्यात बोललो तेव्हा काहींना राग आला. राग आला तरी हिशेब तोच राहतो. जमीन पाहून तोडणीपूर्वी दोन ते तीन आठवडे पाणी बंद ठेवावे. भारी काळ्या जमिनीत थोडे आधीच. तोडणीची तारीख पुढे सरकत राहिली म्हणून पाणी दिले, असे पुष्कळजण सांगतात, आणि ती अडचण खोटी नाही. तारीख लांबणार असेल तर गट ऑफिसने आधी कळवले पाहिजे. ते काम आमच्या खात्याचे, आणि सभासदांनी ते आमच्याकडून हक्काने मागावे.

याच्याच पोटात आणखी एक समजूत आहे. साखर करायची नाही, अल्कोहोलच करायचे, मग ऊस शिळा झाला तर काय? यात थोडे तथ्य आहे. शिळ्या उसात साखर फुटून तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्याची साखर बनत नाही, पण यीस्ट ते खाते. नाहीतरी यीस्ट साखरेची आधी तीच फोड करते. पण तोडलेल्या टोकांतून जंतूही शिरतात. ते साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ आणि आम्ले करतात. डेक्स्ट्रान यीस्टच्या कामाचे नाही, आणि आम्ल वाढले की यीस्ट मंदावते. म्हणजे अल्कोहोलही घटते. आणि उन्हात पडलेल्या उसाचे वजन उतरते ते तर थेट आपल्याच खात्यातले. चोवीस तासांच्या आत ऊस गव्हाणीवर आला पाहिजे, हा नियम आसवनीमुळे सैल झालेला नाही.

जाता जाता आसवनीच्या आवाराविषयी. ऊस घेऊन आलेले चालक रांग लांबली की सावलीसाठी आसवनीच्या कुंपणाकडे सरकतात, बिडी पेटवतात. अल्कोहोल सुमारे १३ अंशालाच पेट घेण्याजोगी वाफ सोडू लागते, आणि आपल्याकडे त्याहून थंड दिवस किती? हवेत तिचे प्रमाण शेकडा साडेतीन ते एकोणीस असेल तर ठिणगी पुरते. दिवसा तिची ज्योत नीट दिसतही नाही. साधा फेस अल्कोहोलच्या आगीवर विरून जातो, त्यासाठी वेगळा फेस ठेवावा लागतो. टँकर भरताना त्याला जमिनीशी तारेने जोडतात, कारण वाहत्या द्रवाने साठलेली वीजही ठिणगी देते. म्हणून त्या बाजूला काडीपेटी, बिडी आणि मोबाईल नको, हे आपापल्या चालकांना सांगावे.

राहिला कॅनमधल्या पेट्रोलचा प्रश्न. त्याचे उत्तर वर आलेच आहे. अल्कोहोल हवेतला ओलावा ओढते, आणि अर्ध्या भरलेल्या कॅनमध्ये उरलेली अर्धी जागा दमट हवेची असते. दिवसा तापते, रात्री निवते, झाकणातून हवा आत-बाहेर होते, आणि पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी जमत जाते. फवारणी पंप आणि गवत कापायच्या यंत्रांसाठी लागेल तेवढेच पेट्रोल आणावे. हंगाम संपला की टाकी रिकामी करून, कार्ब्युरेटरमधले उरलेले जळेपर्यंत यंत्र चालवून मगच ठेवावे. शंका आली तर पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन तासभर स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते यंत्रात घालू नये. हलवून पुन्हा मिसळेल अशी आशा धरू नये, ते जरा वेळाने पुन्हा फाटते. आणि ट्रॅक्टरच्या डिझेलमध्ये स्पिरिट घालण्याचा प्रयोग कोणी करू नये. डिझेलची टाकी त्याने पेट्रोलच्या टाकीइतकीच धोक्याची होते.

पुढील अंकी खोडव्यातील पाचट व्यवस्थापन घेऊ. त्याविषयी प्रश्न असल्यास गट ऑफिसात लेखी द्यावेत.